मॉस्कोहून नानाकाकांना: इथल्या एका खासगी बँकेविषयी

मॉस्को, 12 जानेवारी 2025

ती. नानाकाका यांस सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथं सरकारी सोडून खासगी बँका आहेत तरी का? आणि लोक त्यात पैसे ठेवायला धजतात कसे?" तेवढ्यात आईनं फोन घेतला आणि विषय मकर संक्रांतीवर गेला. तुमची सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली, तुम्हाला वरवरचं सांगून चालायचं नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

अल्फा बँकेचंच सांगतो. ही इथली सगळ्यांत मोठी खासगी बँक. तिचं मुख्य कार्यालय आमच्या ऑफिसपासून जवळ, कलांच्योव्स्काया रस्त्यावर आहे. तांबडा 'अ' आणि त्याच्या खाली आडवी रेघ, ही तिची खूण एटीएमवर गल्लोगल्ली दिसते.

बँक काढणारा मिखाइल फ्रिडमन 1964 साली ल्विवला जन्मला. ते गाव आता युक्रेनमध्ये येतं. शिकला मॉस्कोच्या पोलाद संस्थेत. त्याचा पहिला धंदा ऐकून तुम्ही हसाल. थिएटरच्या तिकिटांसाठी कॉलेजची पोरं रात्रभर रांगेत उभी करायची आणि मिळालेली तिकिटं बाजारात न मिळणाऱ्या वस्तूंच्या बदल्यात फिरवायची! 1988 साली गोर्बाचेव्हच्या राज्यात सहकारी संस्थांचा कायदा झाला आणि त्याच कायद्यानं बँक काढायचीही वाट मोकळी केली. फ्रिडमन आणि मित्रांनी आधी खिडक्या पुसायची संस्था काढली, मग इतर व्यापार केला आणि 1990 च्या डिसेंबरात थेट बँकच. सोव्हिएत संघ तेव्हा अजून वर्षभर टिकायचा होता. पुढे चार-पाच वर्षांत देशात दोन हजारांवर बँका झाल्या. त्यातल्या कित्येक नुसत्या एखाद्या कारखान्याची तिजोरी होत्या.

1994 मध्ये प्योत्र आवेन अल्फाचा अध्यक्ष झाला. हा त्याआधी परदेश व्यापाराचा मंत्री होता. मंत्रालयातून उठून बँकेत, यातच त्या काळाचं सगळं आलं. सरकारला पैसा हवा होता, बँकांना सरकारी रोख्यांवरचं भरमसाट व्याज हवं होतं. कर्ज तपासायचं, तारण बघायचं, ही तुमची रोजची कटकट कोण कशाला करील?

17 ऑगस्ट 1998 ला सरकारनंच हात वर केले. रोख्यांचे पैसे थांबले, आणि 6 रूबलचा डॉलर वर्षअखेर 20 वर गेला. इन्कोमबँक, एसबीएस-अ‍ॅग्रो, मेनातेप अशा मोठमोठ्या बँका आडव्या झाल्या. मेनातेपची कागदपत्रं नेणारा ट्रक पुढच्या वर्षी पुलावरून दुबना नदीत पडला. तुमच्या ऑडिटरांना ही बातमी जरूर सांगा. अल्फानं मात्र आधीच पुष्कळसे रोखे विकून टाकले होते. ती ठेवीदारांना पैसे देत राहिली. आज तिचं जे नाव आहे ते त्या वर्षानं मिळवून दिलं असं माझं मत.

खरी गंमत 2004 ची. त्या मे महिन्यात सोद्बिझ्नेसबँकेचा परवाना काळा पैसा पांढरा केल्याच्या आरोपावरून गेला. आणखीही बँका संशयात आहेत असं एक अधिकारी बोलून गेला आणि कुणी लिहिल्या ते माहीत नसलेल्या काळ्या याद्या फिरू लागल्या. बँकांनी एकमेकींना उसनं द्यायचं बंद केलं. 6 जुलैला गुता बँकेनं पैसे देणं थांबवलं. दुसऱ्या दिवशी 'कोमेर्सांत' या दैनिकानं अल्फासमोरच्या रांगांची बातमी छापली, आणि मग काय, रांगा वाढल्याच. तिकिटांसाठी पोरं रांगेत लावणाऱ्याच्या दारात आता त्याचेच ठेवीदार उभे!

बँकेनं काय करावं? मुदत ठेव आधी मोडली तर 10 टक्के कापू, असं तात्पुरतं जाहीर केलं. व्याजातून नव्हे हो, काढलेल्या रकमेतून. आपल्याकडे मुदतीआधी मोडली तर व्याज कमी होतं, मुद्दलाला कोणी हात लावत नाही. शिवाय इथल्या कायद्यात ठेवीदाराला मागितल्याबरोबर पैसे परत घ्यायचा हक्क आहे. युक्ती चालली, रांग ओसरली, बँक वाचली. पण मला ती पटत नाही.

नंतर अल्फानं दैनिकावर दावा लावला. कोर्टानं 30 कोटींहून जास्त रूबल भरपाई ठरवली. वरच्या कोर्टात ती पुढे पुष्कळ खाली आली, पण त्याआधी, 31 जानेवारी 2005 ला, 'कोमेर्सांत'नं बातम्यांची पानं कोरीच छापली. पहिल्या पानावर फक्त कोर्टानं छापायला लावलेला खुलासा, तोही उलटा!

आता अलीकडचं. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर 28 फेब्रुवारी 2022 ला युरोपीय संघानं फ्रिडमन आणि आवेन दोघांवर निर्बंध घातले, एप्रिलमध्ये अमेरिकेनं बँकेवरच. एटीएमसमोर तेव्हाही रांगा होत्या, पण केंद्रीय बँकेनं व्याजदर एका दिवसात 9.5 वरून 20 टक्क्यांवर नेला आणि घरी नेलेला पैसा हळूहळू परत आला. दोघांनी 2023 मध्ये आपले शेअर जुन्या भागीदाराला विकायचं ठरवलं. 2024 च्या एप्रिलमध्ये युरोपच्या कोर्टानं सुरुवातीच्या निर्बंधांना पुरेसा पुरावा नव्हता असं म्हटलं, तरी नंतरच्या आदेशांमुळे नावं यादीत राहिलीच.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की लोक धजतात, पण हिशेब करून. बँक बुडाली तर मिळणारा ठेवीचा विमा 14 लाख रूबलचा, म्हणजे 2025 च्या जानेवारीतल्या दरानं साधारण 12 लाख रुपये. आपल्याकडे 5 लाख. आमच्या ऑफिसातल्या अकाउंट्सच्या बाई एका बँकेत 14 लाखांच्या वर कधी जाऊ देत नाहीत. व्याज धरून मर्यादा ओलांडेल असं दिसलं की दुसरी बँक गाठतात. 2025 च्या जानेवारीत केंद्रीय बँकेचा दर 21 टक्के होता, त्यामुळे ही पळापळ त्यांना परवडली.

काका, तुम्ही त्या 2004 च्या जुलैमध्ये काउंटरवर असतात, तर ते 10 टक्के कापले असतेत का? खरं खरं लिहा. काकूंना नमस्कार. त्यांना म्हणावं, तिळगूळ कुरिअरनं पाठवू नका, मी मार्चमध्ये येतोच आहे.

आपला,
प्रसाद