चिखलाची उंची

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

संशोधनासाठी राखलेल्या खाडीत नेमकं करतात काय, हे फोनवर धड सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

ही खाडी, एल्कहॉर्न स्लू, कॅलिफोर्नियात, मॉन्टेरेच्या उत्तरेला. १९७९ पासून राखीव. आपल्या ऐरोलीसारखी तिवरं इथे नाहीत. पिकलवीड नावाचं बुटकं, सांधेदार देठांचं खारं झुडूप आहे. पूर्वी कुरणांसाठी बांध घालून भरतीचं पाणी तोडलं, तेव्हा सुकलेली जमीन खचली. पुढे बांध फुटून पाणी परत आलं खरं, पण झुडपं बुडून मेली. २०१८ साली हेस्टर मार्श या दलदलीच्या भागात माती टाकून जमीन उचलावी लागली.

म्हणून चिखलाची उंची मोजतात, तीही मिलिमीटरात. स्टीलचा दांडा आणखी आत जाईनासा होईपर्यंत ठोकतात. त्यावर आडवा हात पाणसळ लावून बसवायचा, त्यातून नऊ काड्या अलगद चिखलाला टेकवायच्या आणि वर उरलेली लांबी मोजायची. चार दिशांच्या मिळून ३६ नोंदी. शेजारी फेल्डस्पार या खनिजाची पांढरी पूड पसरलेली असते; काही महिन्यांनी तिथली ढेप कापली, की पांढऱ्या रेघेवर साचलेला गाळ बर्फीच्या थरासारखा दिसतो. मोजमापं दोन, कारण वर गाळ चढत असताना खाली जमीन खचतही असते. मोजताना उभं राहायच्या फळीवरून एक पाय घसरला, की ती जागा बाद. काडी खेकड्याच्या बिळात गेली तर तसं लिहायचं, आकडा दडपून द्यायचा नाही.

खेकडे मुळं कुरतडतात, काठ पोखरतात. समुद्री पाणमांजरं ते खेकडे खातात. पाणमांजरं वाढली तिथे काठ ढासळणं कमी झालं.

पाण्यातलं यंत्र दर १५ मिनिटांनी क्षारता, तापमान, प्राणवायू नोंदवतं. शेतातल्या खताने शेवाळ माजतं. त्यामुळे दुपारी प्राणवायू भरपूर, पहाटे पार तळाला. दिवसा एकदा बाटली भरून आणणाऱ्याला सगळं आलबेलच दिसणार! यंत्रावर बार्नॅकल, म्हणजे कवचाचे चिकट सागरी जीव, चिकटले, की आकडे भरकटतात, म्हणून ते काढून घासावं लागतं.

मुलांना ऐरोलीच्या खाडीकाठच्या जैवविविधता केंद्रात नेणार असाल, तर आधी भरतीचं कोष्टक बघा. बोटीला पाणी लागतं, रोहित पक्ष्यांना उघडा चिखल; म्हणून पाणी उतरायला लागतं ती वेळ साधा. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, मागच्या रविवारची वेळ धरू नका. चपला नकोत, चिखलात राहतात.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी