कुठे काचतं आणि का काचतं

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

रात्रपाळी करणाऱ्यांवरच्या तुमच्या 'उजाडेपर्यंत' या माहितीपटाला प्रेक्षकांनी काय म्हटलं, त्यावरचा तुझा अहवाल परवा रात्री वाचून काढला. तू म्हणाली होतीस, आई, फक्त शुद्धलेखन बघ. ते बघितलं. 'प्रतिक्रिया' हा शब्द एकोणीस वेळा आलाय आणि एकोणीसही वेळा तू त्यातली ती दीर्घ काढलीयस. ती ऱ्हस्व आहे. बाकी काना-मात्रा ठीक. पण तिसऱ्या प्रकरणाशी आले आणि शुद्धलेखन बाजूला राहिलं, पेन खाली ठेवून प्रेक्षकांनी भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठाच पुढे ओढला. फोनवर बोलले असते तर तू 'हो गं, कळलं' म्हणून विषय संपवला असतास. म्हणून लिहितेय. रागावू नकोस, म्हणजे रागावलीस तरी आधी शेवटपर्यंत वाच.

पहिल्याच पानावर आहे, 'माहितीपटास प्रेक्षकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला. ८६ टक्के प्रेक्षकांना तो आवडला.' मी फॉर्म मोजले. २८ आहेत आणि त्यातल्या २४ जणांनी 'खूप आवडला' किंवा 'आवडला' यावर खूण केलीय. हिशेब बरोबर आहे. पण २८ माणसांत एक जण इकडचा तिकडे झाला की साडेतीन टक्के हलतात. टक्के वाचले की वाचणाऱ्याला भरलेलं थिएटर दिसतं, तुमच्याकडे तर मागच्या तीन रांगा रिकाम्या होत्या. सरळ '२८ पैकी २४' असं लिही. त्यातले निम्म्याहून जास्त तुमच्याच वर्गातले होते, तेही लिही. आणि तू स्वतः दारात फॉर्म गोळा करत उभी होतीस, तेसुद्धा. तुझ्या तोंडावर कोण सांगणार, आवडला नाही म्हणून? सांगायचं म्हटलं तरी सोय कुठे होती! तुमचे पर्याय तीनच, 'खूप आवडला', 'आवडला', 'बरा वाटला'. 'बरा वाटला' लिहिणारे ते चौघे मला सगळ्यात धीट वाटले. रेन्सिस लिकर्टने १९३२ साली मांडलेल्या, लोकांचं मत मोजायच्या पट्टीचं नाव तूच अहवालात घेतलंयस. त्या पट्टीत मधल्या घराच्या दोन्ही बाजूंना सारखी जागा असते. तुम्ही पट्टीचं नाव तेवढं घेतलंत आणि नावडल्याची बाजू कापून टाकलीत.

असो. हे दुरुस्त करायला दहा मिनिटं पुरतील. मला लिहायचंय ते नर्सच्या भागाबद्दल.

तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय की नर्सचा भाग निम्मा कापायचा, कारण ११ जणांनी 'संथ आहे' किंवा 'मध्ये लांबलं' असं लिहिलंय आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी नर्सचा भाग असा स्पष्ट उल्लेख केलाय. आता माझ्या शिलाई मशीनवरची गोष्ट ऐक. ट्रायलला गिऱ्हाईक येतं, हात वर करून बघतं आणि म्हणतं, 'बाही घट्ट झाली, जरा सैल करा.' नवी होते तेव्हा मी मुकाट्याने बाही सैल करायचे. चार दिवसांनी तेच गिऱ्हाईक, तोच हात वर आणि तीच तक्रार. बाही आणखी सैल केली की ती गबाळी दिसायला लागायची, पण काचणं काही थांबायचं नाही. पुढे कळलं की दोष मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या खाचेत असतो. मुंढा फार खाली उतरवला की हात उचलताना सगळा कपडाच वर ओढला जातो आणि ताण दंडावर येतो. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. काचतंय तर काचतंय, त्यावर वाद घालायचा नाही. पण काय उसवायचं हे त्याला विचारून कात्री लावली तर कापड गेलंच म्हणून समज.

त्या संध्याकाळी मी शेवटच्या भरलेल्या रांगेत बसले होते. माहितीपट तू मला घरी चारदा दाखवला होतास, त्यामुळे मी पडद्याकडे कमी आणि डोक्यांकडे जास्त बघत होते. पहिला फोन उजळला तो सहाव्या मिनिटाला. मग दुसरा, मग शेजारच्याचा बघून तिसरा. पडद्यावर तेव्हा वॉचमनकाका होते आणि सांगत होते की दिवसा झोप लागत नाही. काका बोलतात छान, त्यांचा काही दोष नाही. पण तेच त्याआधी सफाईवाल्या बाई सांगून गेल्या होत्या आणि त्यांच्याआधी ट्रकवाले दादा. तीन माणसं, तीन जागा आणि वाक्य एकच. नर्स येते साडेआठव्या मिनिटाला. तोवर लोक कंटाळून बसलेले, आणि फॉर्म भरताना समोर आठवली ती नर्स, म्हणून नाव तिचं लागलं.

उलट तिच्याच भागात एक गोष्ट झाली, ती तू आवाजाच्या मिक्सरवर वाकलेली असल्यामुळे बघितली नसशील. ती हातमोजे काढते, बोटं एकमेकांवर चोळते आणि खिडकीकडे बघत राहते. निवेदन नाही, संगीत नाही. मी नंतर घड्याळ लावून मोजलं, अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत खुर्च्यांची करकर थांबली होती. माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा हातात फोन घेऊन तसाच थांबला, बटण दाबायचं विसरून. २८ फॉर्मांत याबद्दल एक अक्षर नाही. कसं असेल? 'कोणता भाग आवडला' याला तुम्ही चार चौकोन दिले होते आणि त्यात छायाचित्रण, संकलन, संगीत, मुलाखती. अकरा सेकंदांच्या गप्प बसण्यावर खूण कुठे करायची? पुढच्या वेळी नुसतं विचार की आता डोळे मिटले तर कोणतं चित्र दिसतं. आणि एका वाक्यात सांगा, हे कशाबद्दल होतं. चौकोन नकोत, दोन रेघा मोकळ्या ठेव. तू कापायला निघालीयस ते नेमकं तेच दृश्य आहे, म्हणून हे पत्र इतकं लांबतंय.

आवाजाचंही तसंच. नऊ जणांनी लिहिलं की संगीत फार मोठं आहे, आणि तुम्ही लिहिलंत की संगीत कमी करू. करा. पण मग ट्रकवाल्या दादांच्या मागची घरघर उघडी पडेल, कारण त्यांचा आवाज कॅमेऱ्याच्याच माइकने लांबून घेतलाय आणि संगीत तिथे ठिगळासारखं लावलंय, हे मला तूच सांगितलं होतंस. माइक दुप्पट लांब गेला की आवाज सहा डेसिबलने पडतो, हेही तूच सांगितलेलं. मग अहवालात ते का नाही? पुन्हा रेकॉर्ड करणं शक्य नसेल तर खाली त्यांचे शब्द दे आणि खरं कारण लिहून टाक.

आता पोस्टर. यावर मी काल दुपारभर बसले होते, एक ऑर्डर राहिली त्यापायी.

तुमच्या फॉर्मवर सगळ्यात शहाणा प्रश्न शेवटचा होता, 'तुम्हाला या प्रदर्शनाबद्दल कसं कळलं?' आणि त्याचं तुम्ही काय केलंत, तर एक रंगीत गोल काढून सोडून दिलंत. मी फॉर्मांचे दोन गठ्ठे केले. पोस्टर किंवा ट्रेलर बघून आलेले ११ आणि कुणीतरी सांगितलं म्हणून आलेले १७. मग 'संथ' म्हणणारे दोन्हीकडे शोधले. पोस्टरवाल्या ११ मध्ये ८ निघाले. उरलेल्या १७ मध्ये ३. माणसं थोडी आहेत, यावरून मोठा सिद्धांत मांडू नकोस, पण एवढा फरक बघून मी तरी थबकले. तोच माहितीपट, तीच चौदा मिनिटं, मग याच लोकांना तो संथ का वाटावा?

पोस्टर भिंतीला लावून लांबून बघ. काळाभोर अंधार, अर्ध्या चेहऱ्यावर खालून टॉर्च आणि वर लाल, ओघळल्यासारख्या अक्षरांत 'उजाडेपर्यंत'. मुक्ता, हे भुताचं पोस्टर आहे! वॉचमनकाकांसारखा साधा माणूस त्यात खुनी दिसतो. ट्रेलर तर त्याच्यावर कडी. चाळीस सेकंदांत मी पंचवीस कट मोजले, शेवटी दार आपटतं आणि पडदा काळा. एका फॉर्मवर लिहिलंय, 'मला वाटलं चोरी होणार.' तुम्ही ते गंमत म्हणून परिशिष्टात टाकलंय. मला ते सगळ्या गठ्ठ्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटलं. तो बिचारा चौदा मिनिटं चोराची वाट बघत बसला, आणि तुम्ही त्याला नर्सची बोटं दाखवलीत. त्याला संथ नाही तर काय वाटेल?

पोस्टर वाईट आहे असं मी म्हणत नाही. ११ जणांना खुर्चीपर्यंत आणलं त्याने, आणि पोस्टरचं एक काम तेच. अहवालात तुम्ही 'पोस्टर प्रभावी ठरलं' लिहिलंय ते त्या अर्थी खरं. पण पोस्टर आणि माहितीपट यांचे गुण तुम्ही दोन वेगळ्या पानांवर वेगवेगळे मोजलेत, आणि प्रेक्षकाने ते एकामागोमाग एक बघितलेत. पुढच्या प्रदर्शनाला आत सोडण्याआधी दारातच विचारा, हे पोस्टर बघून आत काय असेल असं वाटतं? आणि संपल्यावर विचारा, तेच होतं का? या दोन उत्तरांमधलं अंतर हे खरं मूल्यमापन. आणखी एक, फोनवर ते पोस्टर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं तेव्हा काळ्यावरचं लाल काहीच वाचता येत नाही. हे कुणी फॉर्मवर लिहिलं नाही. ज्यांना वाचता आलं नाही ते आलेच नसणार, त्यांचा फॉर्म कुठून मिळणार?

आता ते 'नकारात्मक प्रतिक्रिया' नावाचं परिशिष्ट. दुसऱ्या प्रकरणात तू माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉल याच्यावर पान भरून लिहिलंयस. १९७३ सालची त्याची मांडणी, बनवणारा एक अर्थ भरतो, बघणारा आपल्या परीने तो उलगडतो, कुणी जसाच्या तसा घेतो, कुणी घासाघीस करून घेतो, कुणी साफ उलटा घेतो. छान लिहिलंयस, मलाही समजलं. पण पुढच्या पानापासून हॉल जो गायब होतो तो होतोच. आणि तिकडे परिशिष्टात एका आजोबांनी लिहिलेलं धूळ खात पडलंय, 'रात्रपाळी यांनी स्वतः स्वीकारली आहे. त्याचे वेगळे पैसे मिळतात. मग कीव कशासाठी?' आजोबांना तुमचं म्हणणं पुरतं कळलंय आणि पटलेलं नाही. हा उलटा अर्थ घेणारा प्रेक्षक तुझ्या दारात चालून आला आणि तू त्याला 'नकारात्मक' म्हणून कोपऱ्यात बसवलंस. दुसऱ्या एका मुलीने लिहिलंय, 'सगळं खरं आहे, पण माझा भाऊ रात्रपाळी मागून घेतो, त्याला शांतता आवडते.' ही घासाघीस. दोन्ही फॉर्म उचल आणि दुसऱ्या प्रकरणात नेऊन ठेव. मग ते पान नुसतं पाठांतर वाटणार नाही.

आणि आजोबांचा प्रश्न तुमच्या चमूसमोर मोठ्याने वाचून दाखव. तुमच्या निवेदनात 'बिचारे' हा शब्द तीनदा येतो, ते मला घरी पहिल्या वेळेलाच खटकलं होतं. तेव्हा बोलले नाही. तू नुकतीच दोन रात्री जागून आली होतीस.

शेवटचं राहिलं, ते विचारू की नको असं करत इथवर आले. गेल्या वर्षी तू मला ज्याँ रूश आणि एद्गार मोरँ यांचा तो माहितीपट दाखवला होतास, १९६० च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये चित्रित केलेला. त्यात ते दोघे ज्यांचं चित्रण केलं त्या माणसांनाच एकत्र बसवून ते दाखवतात, मग ती माणसं एकमेकांवर तुटून पडतात, कुणी म्हणतं हे खोटं वाटतं, कुणी म्हणतं हे फार उघडं झालं, आणि ती सगळी वादावादी ते माहितीपटातच ठेवतात. तू तेव्हा किती वेळ त्यावरच बोलत होतीस. तुझ्या २८ फॉर्मांत मी वॉचमनकाकांचा फॉर्म शोधला. सफाईवाल्या बाईंचा शोधला. नाही सापडला. मग लक्षात आलं, प्रदर्शन संध्याकाळी साडेसातला होतं. त्या वेळी ती चौघंही कामावर निघालेली असणार.

सकाळी पाळी सुटल्यावर, झोपायला जायच्या आधी, त्यांना लॅपटॉपवर दाखव. फॉर्म नेऊ नकोस. नर्सबाई ते अकरा सेकंद बघताना काय करतात तेवढं बघ, आणि काकांना ते पोस्टर दाखव. अहवाल द्यायला अजून नऊ दिवस आहेत.

फॉर्मांचे दोन गठ्ठे वेगवेगळे रबर लावून ठेवलेत, पोस्टरवाले वर. मिसळू नकोस.

तुझी,
आई