काका, त्या दिवशी दम तुम्हाला लागला नव्हता

काका, हे फोनवर सांगायला गेले असते तर तुम्ही "हो हो, बरं बरं, जेवलीस का" करून विषय बदलला असतात, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण तेव्हाची बोलणी पण तुम्ही सगळ्यांसमोर खाल्लीत.

पहिल्या दिवशी मी मंडळाच्या बँडच्या खोलीत आले ती पेटी येते म्हणजे आपल्याला सगळं येतं अशा रुबाबात. तुम्ही म्हणालात सा लाव. मी एकही बटण न दाबता फुंकलं आणि पेटीवर सफेद एक, म्हणजे पहिली पांढरी पट्टी, दाबून बघते तर जुळेच ना. मला वाटलं ट्रम्पेटच बिघडलाय, मेरठचा जुना, दोन ठिकाणी पोचा आलेला. तुम्ही हसत काळी पाच दाबलीत आणि जुळला की! मधलं बटण सूर अर्ध्याने खाली आणतं, पहिलं एकाने, तिसरं दीडने, एवढं एका संध्याकाळी पाठ झालं. पण काहीच न दाबता सा पण, प पण आणि वरचा सा पण निघतो, सगळा खेळ ओठांचा, ते जमायला मला चार महिने लागले. चाळीतल्यांनी ते चार महिने कसे काढले त्यांनाच माहीत (बेलमध्ये, म्हणजे पुढच्या भोंग्यात, टॉवेल कोंबायची आयडिया तुमचीच, थँक्यू).

मग मला तिसरा ट्रम्पेट मिळाला आणि मी रुसले. चाल वाजवायचे पहिलेवाले आणि मी आपली खालचे लांब सूर धरून. तुम्ही समजवलं वगैरे काही नाहीत, एक दिवस फक्त मला थांब म्हणालात आणि बाकीच्यांना तेच गाणं वाजवायला लावलंत. पोकळ वाटलं. परत रुसले नाही.

आणि माणसं! युफोनियम (ते मोठ्ठं, जाड आवाजाचं पितळी वाद्य) वाजवणारे टॅक्सीवाले दादा माझ्याच मजल्यावर राहतात, वीस वर्षांत आमचं बोलणं म्हणजे पाणी आलं का एवढंच. बाबा ॲडमिट होते तेव्हा रात्री दवाखान्यात बसायच्या पाळ्या त्यांनीच लावल्या, साईड ड्रमवाली कॉलेजची पोरगी पण एक रात्र बसली. डबा काकूंचा.

आता ते अनंत चतुर्दशीचं. लालबागच्या भारतमाता सिनेमाच्या अलीकडे माझे ओठ गेले. सकाळपासून वाजवत होतो, सुजून बधिर, नुसती हवा निघत होती. मी वाजवल्यासारखं करत चालत राहिले, रडायला आलेलं. तुम्ही तुमचा पहिला ट्रम्पेट सोडून पुढून मागे आलात, माझ्याकडे बघितलंही नाहीत आणि माझा पार्ट वाजवायला लागलात. पुढे चाल सगळी क्लॅरनेटवर पडली. रात्री बँडमास्तर भडकले तर तुम्ही म्हणालात, वय झालं, दम लागला. मी तिथेच होते चहाचा ग्लास घेऊन. गप्प बसले.

पुढच्या वर्षी पहिला ट्रम्पेट दुसऱ्याला गेला. १९८२ च्या संपानंतर गिरणीचं काम सुटलं तेव्हापासून वरातींमध्ये पहिला वाजवून घर चालवलेला माणूस, एका रात्रीत तीन तीन वराती केलेला, त्याला एका मिरवणुकीत दम लागेल? ओठ जातात म्हणजे काय हे तुम्हाला माहीत होतं, बाकी काही नाही. आणि मग दोन वर्षं माझ्या शेजारी बसून मजेत तिसरा वाजवलात, वर मलाच सांगायचात की इथे बरं आहे, कमी काम.

मास्तर, वाचत असाल तर, दम मला लागला होता. उशीर झाला, माहितीये.

काका, रविवारी विरारला येतेय. ट्रम्पेट आणतेय, तेल घालून बटणं मोकळी करून ठेवलीयत. तिसरा मी वाजवणार, पहिला तुम्ही. कवळी बसवल्यापासून फुंकता येत नाही हे कारण देऊ नका, रोज दुपारी गॅलरीत काय चालतं ते काकूंनी मला सांगितलंय.