कुठले देशमुख?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आडनावांवर जे सदर येते, त्यात या वेळी देशमुखांची पाळी होती. देशमुख म्हणजे मूळचे राजघराण्यातले, क्षत्रिय, असा एकूण सूर. मी स्वतः देशमुख, मूळचा मावळातला, गेली चाळीस वर्षे पुण्यात. वाचायला गोड वाटले. पण ते खरे नाही.

नातीसाठी स्थळे बघतोय. परवा एक फोन आला, पहिलाच प्रश्न : "कुठले देशमुख?" मला वाटले गाव विचारतायत, म्हणून गाव सांगितले. पलीकडे जरा शांतता. मग, "नाही, म्हणजे... आपल्यातलेच ना?" मी फोन सौभाग्यवतींकडे दिला.

गंमत अशी की आडनावावरून जात कळायची सोयच नाही. देशमुखी हे वतन होते, म्हणजे पिढीजात हक्काचा हुद्दा. सुलतानांच्या अमलात परगण्याचा, म्हणजे अनेक गावे मिळून होणाऱ्या टापूचा, जो मुख्य, तो देशमुख. शेतसारा गोळा करायचा, शिबंदी म्हणजे पदरी शिपाई बाळगायचे, ओस गाव पुन्हा वसवायचे ही त्याची कामे. हिशेबाला जोडीला देशपांडे. गावात पाटील-कुलकर्णी तसे परगण्यात हे दोघे. कर्नाटकाकडे आणि तळकोकणात देसाई म्हणतात तेही हेच. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे, मोसे खोऱ्यात पासलकर हे देशमुखच, पण आडनाव जेधे आणि पासलकरच राहिले. कुठे हुद्दा नावाला चिकटला, कुठे नाही.

आणि वतन ज्याच्याकडे, तो देशमुख. मग जात कोणतीही असो. १८२३ साली पुण्यात जन्मलेले लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे चित्पावन, घराणे मूळ सिद्धये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख सीकेपी, म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. समाजकार्यकर्ते नानाजी देशमुख देशस्थ. विदर्भातल्या पंजाबराव देशमुखांचे मूळ आडनाव कदम. मुसलमान देशमुखही आहेत. तेलंगणात १९४६ नंतर ज्या देशमुखांविरुद्ध शेतकरी उठले, त्यांतले बरेचसे रेड्डी. आता सांगा, "आपल्यातले" कोण?

आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत एक मोडी कागद आहे. राजाने दिलेली सनद, असे लहानपणापासून ऐकत आलो. दसऱ्याला त्यावर हळदकुंकू पडायचे. निवृत्तीनंतर मोडी शिकलो आणि महिनाभर खपून तो वाचून काढला. सनद कसली, हक्कांची यादी निघाली! तेल्याकडून घाण्यामागे नवटाक (अर्धा पावशेर) तेल, चांभाराकडून वर्षाला एक जोडा, धनगराकडून घोंगडी, तांबोळ्याकडून पाने. शेवटी होळीला पहिली पोळी कोणाची, यावर चांगल्या चार ओळी. कागदाच्या एका कोपऱ्याला तेलाचा डाग आहे, तो मात्र नंतरचा, समईचा असावा. आजी अभिमानाने सांगायची, "आपल्या घरात तेल कधी विकत आणलं नाही." ते कुठून यायचे, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळले.

राजघराण्याचे म्हणाल, तर राजे लोकांचे या मंडळींशी फारसे सख्य नव्हतेच. वतनदारांनी बांधलेले वाडे-हुडे (बुरूज) शिवाजी महाराजांनी पाडायला लावले आणि त्यांचे हक्क ठरावीक करून दिले, असे बखरकार सभासद लिहितो. मराठी राज्याचे अमात्य रामचंद्रपंत तर आज्ञापत्रात स्पष्टच सांगतात, की हे नावाचे वतनदार, खरे म्हणजे लहान लहान स्वतंत्र देशनायकच. त्यांच्यापासून सावध असावे. अर्थात महाराजांनी स्वतः सरदेशमुखीवर, म्हणजे शेकडा दहावर, दावा सांगितला होता. वतनाचे वजन एवढे मोठे होते. मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द केली. तेल, जोडा, घोंगडी त्याच्या कितीतरी आधी बंद झाली होती. लग्नाच्या फोनवरचा रुबाब तेवढा अजून चालू आहे.

सदराखालच्या सूचनेवरून पुढच्या रविवारी कुलकर्णी आहेत असे दिसते. लेखकांनी त्याआधी एखाद्या घरातला जुना कागद मागून घ्यावा आणि कोणाकडून का होईना, वाचून घ्यावा. आमचा हवा असेल तर ट्रंक उघडीच आहे.

आपला,
एक वाचक (आडनाव वर आलेच आहे)
सदाशिव पेठ, पुणे