मशीन आणायच्या आधी नदीकाठ ओळखणाऱ्यांना विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली 27 वर्षं सिंहगड रोडला राहते. आपल्या पेपरात मुळा-मुठेच्या नदीसुधारच्या बातम्या नेहमी येतात, किती कोटी, किती किलोमीटर, कोणाचा विरोध, कोण बाजूने. पण दर रविवारी सकाळी जी माणसं घमेलं आणि फावडं घेऊन नदीकाठी उतरतात त्यांच्याबद्दल फारसं काही वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

जीवितनदी ही पुण्यातली संस्था. 'दत्तक घेऊया नदीकिनारा' म्हणून त्यांचा उपक्रम आहे, म्हणजे जवळ राहणाऱ्या लोकांनीच आपापल्या काठाचा एक तुकडा सांभाळायचा. विठ्ठलवाडीला मुठेच्या काठी, औंधला रामनदी आणि मुळेच्या संगमावर असं काम झालंय. मला शेजारच्या काकू विठ्ठलवाडीला घेऊन गेल्या. मला वाटलं कचरा उचलायचा आणि घरी यायचं. पण तिथल्या एका ताईंनी आधी अर्धा तास नुसतं बघायला सांगितलं, कुठे काय उगवलंय, कुठून पाणी येतंय, कोण पक्षी कुठे बसलाय. मग कामाला लावलं.

आणि मग तो झरा दाखवला. काठावर दगडांच्या फटीतून करंगळीएवढी धार येत होती, गाळ आणि प्लॅस्टिकने पार बुजलेली जागा लोकांनी हातांनी मोकळी केलेली. मी हात घातला तर पाणी गार आणि एकदम नितळ, खालची वाळू दिसत होती आणि बोटभर लांबीचे मासे इकडून तिकडे पळत होते. चार पावलांवर नदीचं मुख्य पाणी काळं, फेसाळ, वास मारणारं. एवढी वर्षं त्या रस्त्याने देवळात जाते, आषाढीला रांगेत उभी राहते, पण इथे जिवंत झरा आहे हे मला माहीतच नव्हतं! माझ्या सासूबाई सांगायच्या की पूर्वी इथे वाळूत खड्डा केला की प्यायचं पाणी लागायचं. मला ती जुन्या माणसांची आठवण वाटायची, ते पाणी अजून येतंय.

हे झरे का महत्त्वाचे ते सांगते. खडकवासल्याच्या खाली मुठेला स्वतःचं पाणी फार कमी उरतं, धरणातलं पाणी कालव्याला आणि नळाला जातं, मग उन्हाळ्यात पात्रातून जे वाहतं ते बहुतेक तुमच्या आमच्या घरातलं सांडपाणीच असतं. त्यात स्वच्छ पाणी कुठून मिसळत असेल तर ते या झऱ्यांतून. डोंगरात मुरलेलं पाणी खडकाच्या भेगांतून वाट काढत काठाला बाहेर येतं. त्या तोंडावर राडारोडा टाकला, भराव घातला किंवा काँक्रीट ओतलं की वाट बंद.

दुसरी गोष्ट पक्ष्यांची. हिवाळ्यात पात्रात लांब गुलाबी पायांचे, काळे-पांढरे शेकाटे थव्याने दिसतात, लोक फोटो काढून टाकतात की बघा नदी सुधारली. मीही टाकलेत. पण मैलापाण्यात ज्या अळ्या पोसतात त्या खायला शेकाट्या येतो, तो वाढला म्हणजे घाण वाढली असंही असू शकतं. खंड्याला मासा दिसायला नितळ पाणी लागतं. काठाला वाळुंज, उंबर, करंज, खाली लव्हाळा असेल तर मुळं माती धरतात आणि माशांच्या पिल्लांना आडोसा मिळतो. हे तिथे दर आठवड्याला जाणाऱ्या माणसाला कळतं, वर्षातून एकदा 5 जूनला येणाऱ्याला कळत नाही. एक दिवसाच्या मोहिमेबद्दल मला राग नाही, येऊ देत लोक, पण त्यात पालापाचोळा, गवत, रोपं सगळं एकाच झाडूत साफ होतं आणि नंतरच्या रविवारी आम्हाला परत सुरुवात करावी लागते.

आता मुद्द्याचं. मागच्या वर्षी आमच्या भागात ज्या कोपऱ्यात आम्ही दोन पावसाळे रोपं जगवली, घरून बादल्या नेऊन पाणी घातलं, तिथे एका ठेकेदाराचा जेसीबी आला आणि 'स्वच्छता' म्हणून अख्खा काठ खरवडून गेला. वाळुंजाची कमरेएवढी झालेली रोपं, उंबराचं एक झाड, सगळं गेलं. ड्रायव्हरचा काय दोष, त्याला सांगितलं होतं झुडपं काढ. विचारायला गेलो तर यादीत तिथे काही झाडं नाहीतच म्हणे. मला तिथेच रडू आलं. एक फोन कोणी केला असता तर आम्ही सकाळी येऊन रिबिनी बांधून ठेवल्या असत्या.

काम काढूच नका असं मी म्हणत नाहीये. जायका या जपानी संस्थेच्या मदतीने रोज 396 दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध करणारी 11 केंद्रं बांधायचं 2016 मध्ये ठरलं, ती सगळी पूर्ण क्षमतेने चाललीच पाहिजेत, ते काम घमेल्याने होणार नाही. पण 44 किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पाचं भूमिपूजन मार्च 2022 मध्ये झालं आणि बंडगार्डनकडे बांधीव काठ दिसायलाही लागला, आमच्याकडे ते काम येईल तेव्हा हे झरे कोणाच्या नकाशावर असणार आहेत का? 2013 मध्ये विठ्ठलवाडी ते वारजे रस्त्याचा पात्रातला भराव काढायला हरित लवादाने सांगितलं, ते नागरिक कोर्टात गेले म्हणून. 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोकांच्या घरात मुठेच्या पुराचं पाणी शिरलं, त्यानंतर कित्येक आठवडे झाडांच्या वरच्या फांद्यांना पिशव्या आणि साड्या लटकत होत्या, त्या कोयत्याने कापून काढल्या त्या सोसायटीतल्या पोरांनी आणि बायकांनीच. पाणी कुठपर्यंत चढलं ते त्यांना विचारा, फांदी दाखवतील.

महापालिकेकडे माझं मागणं साधं आहे. जिथे जिथे लोक काठ सांभाळतायत तिथे त्या गटाशी लेखी करार करा, काठावर मशीन लावायच्या आधी निदान आठ दिवस त्यांना कळवा, आणि झरे, जुनी झाडं, घरट्यांच्या जागा त्यांच्यासोबत चालत जाऊन नकाशावर घ्या. देवस्थान, शाळा, सोसायट्या सगळे यायला तयार आहेत, निर्माल्याचा कलश कुठे ठेवायचा इथपासून घरात कुठला साबण वापरायचा इथपर्यंत लोक ऐकतात, फक्त त्यांच्याशी बोलणारं कोणीतरी हवं.

आणि आपल्याला एक विनंती, आपल्या वार्ताहराला एका रविवारी सकाळी सात वाजता विठ्ठलवाडीच्या देवळापाशी पाठवा. झरा मी स्वतः दाखवते. पावसाळ्याच्या आधी आलात तर बरं, नंतर तिथे उतरता येत नाही.

आपली नम्र,
एक वाचक, सिंहगड रोड, पुणे