हर्गेसाला जाण्याआधी वाच

प्रिय मने,

काल तुझं तिकीट पाठवलंस ते आईने चष्मा लावून तीनदा वाचलं, आणि मग दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. सोमालिया म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर चाचेच येतात गं, काय करणार. मग रात्री झोप लागेना म्हणून तू उतरणार त्या एअरपोर्टचं नाव इगाल, तो माणूस कोण ते वाचत बसलो, आणि ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

मोहम्मद हाजी इब्राहिम इगाल. जन्म 1928 चा. 26 जून 1960 ला ब्रिटिश गेले आणि सोमालीलँड, म्हणजे तू जातेयस तो उत्तरेकडचा भाग, स्वतंत्र झालं तेव्हा तिशीतला हा माणूस त्याचा प्रमुख होता, पण पाचच दिवस, कारण 1 जुलैला त्यांनी आपणहून दक्षिणेकडच्या इटालियन भागाशी एकत्र येऊन सोमालिया हा एक देश केला. पुढे 1967 ला तो त्या अख्ख्या देशाचा पंतप्रधान झाला, आणि 1969 ला सेनापती सियाद बरेने लष्करी बंड करून त्याला जेलात टाकलं. सुटला, भारतात राजदूत म्हणून आला (आपल्या दिल्लीत, मला हे माहितीच नव्हतं!), आणि परत जेल. आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं गेली बघ.

आणि 1988 ला बरेच्या विमानांनी हर्गेसा भाजून काढलं. विमानं उडायची कुठून, तर हर्गेसाच्याच एअरपोर्टवरून! त्यातलं एक मिग लढाऊ विमान शहरात चौथऱ्यावर उभं केलंय, ते नक्की बघ.

1991 ला बरे पळाला, उत्तरेने, म्हणजे जुन्या सोमालीलँडने, परत वेगळं व्हायचं जाहीर केलं, पण घरोघरी बंदुका आणि जमाती एकमेकांच्या जिवावर. तेव्हा बोरामा गावात 1993 साली जमातींची वडीलधारी मंडळी जवळजवळ चार महिने बसली, भांडली, जेवली, परत बसली, आणि त्यांनी इगालला अध्यक्ष केलं. मला हा भाग सगळ्यात आवडला. आपल्याकडे भावकीची वाटणी दोन वर्षं सुटत नाही गं.

त्याने बंदूकवाल्यांना पगार देऊन सैन्यात-पोलिसात घेतलं, पैसा कुठून तर बर्बेरा बंदराची जकात आणि व्यापाऱ्यांची कर्जं. शिलिंग हे स्वतःचं चलन काढलं. आता तिथे एका डॉलरला नोटांची चळत मिळते म्हणे, रस्त्यावर विटांसारख्या रचून ठेवतात, मोजायला घाबरू नकोस. देवमाणूस होता असं मी म्हणत नाही, त्याच एअरपोर्टच्या ताब्यावरून 1994 ला त्याच्याच सरकारची एका जमातीशी लढाई पेटली आणि कित्येक लोक शहर सोडून पळाले. ते त्याच्या खात्यावर आहेच.

2002 च्या मे मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत हॉस्पिटलात वारला. लोकांना वाटलं आता परत सुरू होणार. पण दुसऱ्या जमातीच्या उपाध्यक्षाने, रियालेने, शपथ घेतली आणि रस्त्यावर गोळी चालली नाही. इगालला बर्बेऱ्यात वडिलांशेजारी पुरलं, त्याची तशी इच्छा होती. हे वाचून मला उगाच भरून आलं.

आता आई झोपली असेल असं वाटलं तर अजून लाडवांचा डबा भरतेय. डोक्याला ओढणी ठेव, पाणी उकळून पी. उतरलीस की आधी फोन, आणि एअरपोर्टवरच्या त्या नावाच्या पाटीचा एक फोटो पाठव मला.

बाबा