नेटवर्कला आज्ञा कोणी द्यायची?

महोदय,

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत ‘प्रोग्रामेबल नेटवर्क’ (ज्यातील उपकरणांचे वागणे प्रोग्राम लिहून बदलता येते असे जाळे) या विषयावर आलेला लेख वाचला. अवघड विषय मराठीत आणल्याबद्दल लेखकाचे आभार मानायलाच हवेत. मात्र ही कल्पना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेबरोबर गेल्या दोन-चार वर्षांत जन्माला आली, असे लेखातून जे सूचित होते ते बरोबर नाही. ती निदान तीस वर्षांची आहे, एकदा फसलेली आहे आणि का फसली हे कळल्याखेरीज तिचे आजचे रूप उलगडत नाही.

नेहमीच्या इंटरनेटमध्ये माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पाकिटांत (पॅकेट), प्रवास करते आणि ती पुढे धाडणाऱ्या राउटर या उपकरणाचे काम रेल्वे टपाल सेवेतल्या सॉर्टरसारखे असते. पाकिटावरचा पत्ता वाचायचा, पाकीट योग्य थैलीत टाकायचे आणि आतल्या मजकुराची उठाठेव करायची नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या डेव्हिड टेनेनहाउस आणि डेव्हिड वेदरॉल यांनी १९९६ साली एका शोधनिबंधात ‘ॲक्टिव्ह नेटवर्क’ची जी मांडणी केली, तिच्यात पाकीटच सॉर्टरला सूचना देऊ लागले: माझ्या इथेच दोन प्रती काढा, पुढचा मार्ग तुंबला असेल तर मला अमुक वाटेने पाठवा. अशा पाकिटाला त्यांनी ‘कॅप्सूल’ असे नाव दिले. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने या संशोधनाला पैसा पुरवला, आणि त्यामागची निकड खरी होती. कारण नेटवर्कमध्ये नवा नियम आणायचा म्हणजे आधी समित्यांची संमती, मग उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांची तयारी आणि शेवटी जुनी उपकरणे बदलण्याचा खर्च, अशी वर्षानुवर्षांची वाट असे. इंटरनेटवरील पत्त्यांच्या नव्या नियमसंचाचे, म्हणजे आयपीव्ही६चे, पहिले विनिर्देश १९९५च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि जुने आयपीव्ही४ आजही त्याच्या शेजारी नांदते आहे, हे पाहिले की त्या संशोधकांची अधीरता पटते.

तरीही ही कल्पना प्रयोगशाळेबाहेर फारशी पडली नाही. परक्याने धाडलेला प्रोग्राम मी माझ्या राउटरवर का चालू द्यावा, या साध्या प्रश्नाला राउटरच्या मालकाला पटेल असे उत्तर नव्हते. संशोधक भाबडे होते असे नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेली ‘प्लॅन’ ही भाषा अशा रीतीने आखली होती की तिच्यात लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम कधीतरी थांबणारच. एखादे खोडसाळ पाकीट राउटरला अनंत फेऱ्यांत अडकवून ठेवू शकणार नाही. परंतु प्रत्येक पाकिटासाठी सॉफ्टवेअर चालवणे हे केवळ पत्ता पाहून पाकीट पुढे सारणाऱ्या चिपच्या वेगापुढे टिकणारे नव्हते, आणि टोकाच्या सर्व्हरवर होऊ शकणार नाही असे कोणते काम यामुळे साधेल, हेही कोणी ठामपणे दाखवले नाही.

पुढे जे घडले त्याचे मर्म लेखात निसटले आहे. २००८ साली स्टॅनफर्डचे निक मॅक्‌कीओन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्विचला बाहेरून सूचना देण्याचा ‘ओपनफ्लो’ हा नियमसंच मांडला, तेव्हा आज्ञा देण्याचा अधिकार पाकिटाकडून काढून घेऊन नेटवर्कच्या मालकाकडे देण्यात आला. स्विचने, म्हणजे नेटवर्कमध्ये पाकिटे पुढे धाडणाऱ्या उपकरणाने, निर्णय घ्यायचा नाही. निर्णय बाहेरच्या नियंत्रक सॉफ्टवेअरने घ्यायचा आणि स्विचने तो अमलात आणायचा. गूगलने आपल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या ‘बी४’ या जाळ्यात ही पद्धत वापरली आणि २०१३ साली जाहीर केले की एरवी अशा दूर पल्ल्याच्या वाहिन्या सरासरी ३० ते ४० टक्केच वापरात असतात, पण बी४मधील अनेक वाहिन्या जवळजवळ पूर्ण क्षमतेने वापरता येतात. मालकाच्या खिशातले पैसे वाचले आणि मग शंका मागे पडल्या, हे इथे सांगायला हवे.

२०१४ साली मांडली गेलेली ‘पी४’ ही भाषा त्याच्या पुढची पायरी. ती मांडणाऱ्यांत आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेले जॉर्ज वर्गीसही आहेत. या भाषेत स्विचला पाकिटाचा कोणता भाग वाचायचा आणि त्याचे काय करायचे हे लिहून देता येते, मात्र पाकिटावरची प्रक्रिया वर्णन करताना मनमानी फेऱ्या मारण्याची सोय नसते. भाषा मुद्दाम अपुरी ठेवली म्हणूनच सेकंदाला ६.५ टेराबिट वाहून नेणाऱ्या टोफिनोसारख्या स्विचच्या चिपवर ती बसली. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात (कर्नल) छोटे प्रोग्राम चालवू देणाऱ्या ईबीपीएफ या तंत्राचेही तसेच: प्रोग्राम चालवण्याआधी तो संपेल का आणि नको तिथे हात घालणार नाही ना, याची तपासणी गाभ्यातच होते. डेटा वापराचा हिशेब ठेवण्यासाठी अँड्रॉइड फोनही ईबीपीएफचाच आधार घेतात, त्यामुळे वाचकांपैकी बहुतेकांच्या खिशात हे तंत्र आधीच आहे. पेनसिल्व्हेनियातली ती जुनी सावधगिरी अशी वेगळ्या वाटेने परत आली.

लेखाचा सूर एकूण विजयाचा आहे, तोही मला घाईचा वाटतो. टोफिनो बनवणारी बेअरफूट नेटवर्क्स ही कंपनी इंटेलने २०१९ साली विकत घेतली आणि २०२३च्या आरंभी त्या चिपच्या पुढच्या पिढ्यांचे काम थांबवले. भाषा खुली असली तरी ती बोलणारी चिप एकाच कारखान्यात घडत असेल, तर मालकाच्या हाती आलेला अधिकार किती पक्का, हा प्रश्न लेखात यायला हवा होता.

जाता जाता एक विनंती. आपल्याकडील बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत नेटवर्क हा विषय अजूनही नेटवर्कच्या मांडणीतील सात स्तरांची (ओएसआय) नावे पाठ करण्यापाशी अडकलेला दिसतो. मिनिनेट (संगणकावर आभासी नेटवर्क उभारणारे सॉफ्टवेअर) आणि पी४ची चाचणी साधने मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. चार आभासी स्विच जोडून त्यांतील एकाचा प्रोग्राम बदलणे हे एका प्रात्यक्षिकाच्या दोन तासांत बसते. आपल्या लेखकाने पुढच्या लेखात असे एखादे प्रात्यक्षिक पायरीपायरीने दिले, तर मी ते माझ्या जुन्या सहकाऱ्यांना आवर्जून पाठवीन.

आपला नम्र,
संगणक अभियांत्रिकीचा एक निवृत्त प्राध्यापक, सांगली